पहिला दिवा, पहिला हिशेब : प्रस्तावना

या पुस्तिकेचा विषय एका वाक्यात सांगता येतो. नऊ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर आणि एक एलईडी यांचे सर्किट जोडायचे, आणि ते का चालते हे समजून घ्यायचे. जोडणी पाच मिनिटांत होते. समजून घ्यायला थोडी निवांत बैठक लागते, आणि पुस्तिकेची बहुतेक पाने त्यासाठीच राखली आहेत.

हल्ली बाजारात मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे तयार संच भरपूर मिळतात. त्यांतल्या कितीतरी संचांत एलईडीसोबतचा रेझिस्टर आधीच कुठेतरी आत बसवलेला असतो. मूल दोन वायरी लावते, दिवा लागतो, घरातले कौतुक करतात आणि संच कपाटात जातो. दिवा लागला खरा, पण तो का लागला, दोन बॅटऱ्या जोडल्या तर काय होईल, लाल काढून पांढरा लावला तर चालेल का, यातले काहीच मुलाला सांगता येत नाही. ज्या भागामुळे ही उत्तरे मिळाली असती, तोच नेमका नजरेआड राहिला.

म्हणून या पुस्तिकेचा आग्रह एकच आहे. रेझिस्टर लपवू नका. पहिल्या दिवशीच तो मुलाच्या हातात द्या आणि तो किती ओहमचा हवा हे त्याला स्वतः काढू द्या. सर्किटमधल्या सगळ्या भागांत सरळ वागणारा भाग हाच. सातवी-आठवीच्या वजाबाकी-भागाकाराने त्याचे वागणे आधी कागदावर मांडता येते आणि नंतर मीटर लावून ताडून पाहता येते. आधी आकडा सांगायचा, मग मोजायचा, आणि दोन्ही जुळतात का ते बघायचे : विज्ञानाची सगळी शिस्त एवढ्यात येते, आणि ती शिकायला यापेक्षा स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

ही प्रस्तावना मी जयपूरच्या शास्त्रीनगरातून लिहितो आहे. जुन्या तटबंदीच्या शहराबाहेर वसलेल्या या वस्तीत राजस्थान सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे क्षेत्रीय विज्ञान केंद्र आणि विज्ञान उद्यान आहे. अशा केंद्रांमध्ये मुले बटणे दाबतात, चाके फिरवतात आणि ‘हे असे कसे झाले?’ असे विचारतात. हा प्रश्न जागा करणे हे केंद्राचे काम. त्याचे उत्तर शोधायला मात्र घरचे टेबल, थोडे सुटे भाग आणि मातृभाषेतले चार शब्द लागतात. इथल्या मराठी घरांतली मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात आणि घरी मराठी बोलतात. त्यांना आई-वडिलांबरोबर, आजी-आजोबांबरोबर बसून वाचता येईल असे काहीतरी हवे, हा या लेखनामागचा एक हेतू आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमधल्या मुलांनाही ते तितकेच उपयोगी पडेल.

शास्त्र वाचकाच्या भाषेत आणायची या शहराची परंपरा जुनी आहे. जंतरमंतर उभारणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी अरबी शिकून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली, टॉलेमीचे खगोलशास्त्रही आणले. त्या काळच्या अभ्यासकाची भाषा संस्कृत होती, म्हणून ग्रंथ संस्कृतात झाले. आजच्या आपल्या नवशिक्याची भाषा मराठी आहे, म्हणून पुस्तिका मराठीत आहे. त्यात दुकानात, वर्कशॉपमध्ये आणि शाळेच्या प्रयोगशाळेत जे शब्द कानावर पडतात तेच वापरले आहेत : व्होल्टेज, करंट, रेझिस्टर, ब्रेडबोर्ड. मुलाला दुकानात जाऊन वस्तू मागता आली पाहिजे.

आता मुख्य पात्राकडे वळू. रेझिस्टर बोटांत धरून नीट पाहा. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, दोन्ही बाजूंनी तार निघालेला, अंगावर रंगीत पट्टे. वरचा रंग खरवडला तर आत चिनी मातीची बारीक कांडी सापडते. तिच्यावर कार्बनचा पातळ थर चढवलेला असतो आणि त्या थरात मळसूत्रासारखी खाच कोरलेली असते. या खाचेमुळे कार्बनची सलग पट्टी लांब आणि अरुंद होते, करंटला तेवढ्या लांबून जावे लागते आणि रोध वाढतो. खाच किती फेऱ्यांची आणि किती दाट, यावर रोधाची किंमत, म्हणजे तो किती ओहमचा, ते ठरते. दोन टोकांना धातूच्या टोप्या, टोप्यांना जोडलेल्या कल्हई केलेल्या तारा, आणि वरून रंगाचा लेप. एवढाच त्याचा संसार. आत हलणारा भाग नाही, उलट-सुलट टोक नाही. कसाही लावला तरी चालतो.

अंगावरचे पट्टे म्हणजे त्याची किंमत. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो आणि चौथा चूक किती असू शकते ते सांगतो. पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी म्हणजे चार, सात आणि एक शून्य : ४७० ओहम. सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. तेव्हा हा रेझिस्टर प्रत्यक्षात सुमारे ४४७ ते ४९३ ओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि तरीही तो चांगलाच माल समजायचा. निळसर अंगाचे, पाच पट्ट्यांचे मेटल फिल्म रेझिस्टर बहुधा एक टक्क्याचे असतात. त्यांच्यावर पहिले तीन पट्टे आकड्यांचे, म्हणून तोच ४७० ओहम तिथे पिवळा, जांभळा, काळा, काळा, तपकिरी असा दिसतो.

दुकानात ४५० ओहम मागितला तर सहसा मिळत नाही, ४७० मिळतो. याचे नवशिक्यांना कोडे पडते. १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशी बारा आकड्यांची एक मालिका ठरलेली आहे आणि पुढे-मागे शून्ये देऊन तीच वापरली जाते. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण सव्वापट आहे. दहा टक्के कमी-जास्त चालणार असेल, तर या बारा पायऱ्यांत कोणतीही गरज जवळजवळ भागते आणि कारखान्याला शेकडो निरनिराळे नग ठेवावे लागत नाहीत. पाचवी-सहावीत टक्केवारी शिकणाऱ्या मुलाला ही मालिका दाखवावी. टक्केवारी कशासाठी शिकायची, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो तो गेओर्ग सिमोन ओहम जर्मनीत एर्लांगेन गावी १७८९ साली जन्मला. बाप कुलपे करणारा कारागीर. स्वतः शिकलेला आणि मुलांना घरी गणित शिकवणारा. ओहम कोलोनच्या शाळेत शिक्षक होता आणि शाळेच्या उपकरणांवर प्रयोग करत होता. त्याच्यासमोरची अडचण आपल्यालाही ओळखीची वाटेल : त्या काळच्या बॅटऱ्या वापरता वापरता ढिल्या पडत, त्यामुळे आज घेतलेले माप उद्या जुळत नसे. त्याने बॅटरी सोडून दिली आणि बिस्मथ-तांब्याची जोडी घेतली. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा लावून त्याने करंट मोजला. १८२७ साली पुस्तक आले आणि त्याच्या देशात त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपले पदक दिले ते १८४१ मध्ये. आज तोच नियम एका ओळीत मावतो : करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. ही एक ओळ मिळवायला एका शाळामास्तराने आधी स्थिर व्होल्टेज मिळवले, हे मुलांना जरूर सांगावे.

रेझिस्टर या नियमाने वागतो. व्होल्टेज दुप्पट केले की करंट दुप्पट. एलईडी मात्र या नियमाला जुमानत नाही, आणि आपल्या सर्किटची सगळी गंमत या फरकात आहे.

एलईडी हा अर्धवाहकाचा तुकडा आहे. त्यात एकाच दिशेने करंट वाहतो आणि वाहताना सरळ प्रकाश निघतो. तार तापवून उजेड पाडावा लागत नाही. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. निळ्यासाठी आणखी तीस वर्षे लागली. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चे नोबेल मिळाले, कारण निळ्याशिवाय पांढरा उजेड जमत नव्हता. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब घरोघरी पोचले. दिवाळीत जयपूरचे जौहरी बाजार आणि बापू बाजार ज्या रोषणाईने उजळतात, तीही आता बहुतेक याच दिव्यांची.

लाल एलईडीला एक व्होल्ट दिला तर तो उजळत नाही. दीड दिला तरी जवळजवळ काही नाही. पावणेदोनच्या पुढे तो हळूच लागतो, आणि दोनच्या आसपास आला की करंट भराभर वाढतो. धरणाचा सांडवा असाच असतो : पाणी काठाखाली असेपर्यंत थेंब नाही, आणि काठ ओलांडला की वीतभर चढल्यानेही लोंढा सुटतो. तिथे व्होल्टचा एक दशांश वाढला तरी करंट कितीतरी पट होतो. भरीस भर म्हणून करंटने एलईडी आतून तापतो, तापला की तेवढ्याच व्होल्टेजला आणखी करंट घेतो, आणि आणखी तापतो. साधा ५ मिलिमीटरचा एलईडी सतत २० मिलिअँपिअरपर्यंत करंट सोसतो. त्याला नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर क्षणभर लख्ख उजेड पडतो आणि तो कायमचा जातो. कधी जळका वासही येतो.

इथे रेझिस्टरची गरज पडते. बॅटरीचे नऊ व्होल्ट दोघांत वाटले जातात. लाल एलईडी आपल्या स्वभावाने दोनच्या आसपास अडून राहतो. उरलेले सात रेझिस्टरवर पडतात. रेझिस्टर ओहमच्या नियमाने वागणारा, म्हणून सात व्होल्टला किती करंट जाईल ते तो ठरवतो, आणि एकाच वाटेवर असल्याने तेवढाच करंट एलईडीतूनही जातो. एक भाग हट्टी, दुसरा सरळ. सरळ भागामुळे दोघांचे वागणे हिशेबात येते.

हिशेब असा मांडायचा. बॅटरी ९ व्होल्ट, लाल एलईडी २ व्होल्ट, उरले ७. करंट हवा १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर. ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम. मालिकेत जवळचा आकडा ४७०. झाले. आता तो तापेल का, तेही आधी पाहायचे : ७ गुणिले ०.०१५ म्हणजे सुमारे ०.१ वॅट. दुकानात जो साधा रेझिस्टर मिळतो तो पाव वॅटचा, म्हणून निर्धास्त. पुढे बॅटरी वापरून आठ व्होल्टवर आली तर? उरले सहा; ६ भागिले ४७० म्हणजे जेमतेम १३ मिलिअँपिअर. उजेडात फरक डोळ्याला फारसा जाणवतही नाही. बॅटरी एक व्होल्टने उतरली तरी सर्किट डगमगत नाही, हे रेझिस्टरचे दुसरे देणे.

चौकस मुले इथे एक प्रश्न हमखास विचारतात. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतात तसला तीन व्होल्टचा चपटा सेल एलईडीच्या दोन पायांत नुसता धरला तरी दिवा लागतो आणि जळत नाही, मग तिथे रेझिस्टर कुठे गेला? तो सेलच्या पोटात आहे. या छोट्या सेलचा स्वतःचा रोध बराच असतो, त्यामुळे तो फार करंट देऊच शकत नाही. सर्किटमध्ये रेझिस्टर दिसला नाही म्हणजे रोध नाही असे समजू नये. तो कुठेतरी असतोच. तो कुठे आहे हे ओळखता येणे म्हणजे सर्किट वाचता येणे.

जोडणीचे तपशील पुढे चित्रांसह आहेत, इथे थोडक्यात. ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेच्या प्रत्येक बाजूला पाच-पाच भोकांच्या ओळी आतून जोडलेल्या असतात, आणि कडेच्या लांब पट्ट्या बॅटरीसाठी असतात. बॅटरीची लाल (धन) वायर एका पट्टीत, काळी (ऋण) दुसऱ्या पट्टीत. लाल पट्टीतून रेझिस्टर एका ओळीत उतरवायचा. त्याच ओळीत एलईडीचा लांब पाय. आखूड पाय शेजारच्या ओळीत, आणि तिथून काळ्या पट्टीपर्यंत वायर. एलईडीच्या काठावर एक बाजू सपाट असते ती आखूड पायाची, म्हणजे ऋण बाजू. पाय कापले गेले तर हीच खूण कामाला येते. दिवा लागला नाही तर घाबरायचे कारण नाही. बहुतेक वेळा एलईडी उलटा लागलेला असतो किंवा दोन्ही पाय एकाच ओळीत गेलेले असतात. बोटाने वाट धरून धनापासून ऋणापर्यंत एकदा जा; जिथे वाट तुटेल तिथे दोष.

मग मल्टिमीटर काढा. बॅटरीच्या टोकांवर नवी असताना नवापेक्षा थोडे जास्तच व्होल्ट दिसतात. एलईडीवर दोनच्या जवळ. रेझिस्टरवर उरलेले. दोन्हींची बेरीज बॅटरीच्या आकड्याशी ताडून पाहा. ही बेरीज जुळतेच, हा नियम गुस्ताव किर्शहोफ या जर्मन विद्यार्थ्याने १८४५ साली मांडला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. रेझिस्टरवर ७.१ व्होल्ट दिसले तर ४७० ने भागा, १५ मिलिअँपिअर. करंट मोजायला सर्किट तोडावेही लागले नाही. आधी लिहिलेला आकडा मीटरवर उमटलेला पाहणे, हा या पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. दिवा लागण्याचा आनंद त्याच्या नंतरचा.

हिशेब हातात आला की त्यातून पुढचे प्रश्न आपोआप फुटतात. आपल्या सर्किटमध्ये बॅटरीच्या नऊ व्होल्टांतले सात रेझिस्टर घेतो आणि त्यांची उष्णता करतो. म्हणजे बॅटरीतल्या शक्तीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वाया जातो आणि उरलेल्यावर दिवा चालतो. यावर उपाय काय? तीन लाल एलईडी एकामागोमाग एक जोडले तर त्यांना सहा व्होल्ट लागतात, उरतात तीन. २२० ओहम लावला तर करंट साडेतेरा मिलिअँपिअर. तेवढ्याच खर्चात तीन दिवे. मग चार का नको? चौघांना आठ लागतात, रेझिस्टरला एकच उरतो, आणि बॅटरी जरा उतरली की सगळे विझतात. एका कडेला उधळपट्टी, दुसऱ्या कडेला अस्थिरता. मधली जागा शोधायची हेच इंजिनिअरचे काम. घरातल्या एलईडी बल्बमध्ये केवळ रेझिस्टरवर न भागवता करंट सांभाळणारे स्वतंत्र सर्किट का असते, याचे उत्तरही इथेच मिळते.

हे ज्ञान इंग्रजी शाळेत गेलेल्यांचेच, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो खोटा ठरवणारी गावे राजस्थानात आणि महाराष्ट्रात आहेत. अजमेर जिल्ह्यात किशनगडजवळ तिलोनिया नावाचे खेडे आहे. बंकर रॉय यांनी १९७२ साली तिथे सुरू केलेले काम बेअरफूट कॉलेज या नावाने जगाला माहीत झाले. तिथे अक्षरओळख नसलेल्या, किंवा जेमतेम असलेल्या, खेड्यांतल्या बायका सौर दिव्यांची सर्किटे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात. त्यांत कित्येक आज्या आहेत. आफ्रिकेतून आलेल्या बायकांना तर शिकवणाऱ्यांची भाषाही येत नसे. सहा महिन्यांत त्या खुणांनी, चित्रांनी आणि रंगांनी शिकल्या. रेझिस्टरवर आकडे छापलेले नसून रंगाचे पट्टे असतात, याचा असा उपयोग होतो. पिवळा-जांभळा-तपकिरी ओळखायला कोणतीही लिपी लागत नाही.

मुंबईच्या आयआयटीने २०१४ च्या सुमारास दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत अभ्यासाचे सौर दिवे पोचवण्याचे काम हाती घेतले. प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने चाललेल्या या उपक्रमात दिवे तयार विकत आणून वाटले नाहीत. महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, ओडिशा अशा राज्यांतल्या खेड्यांत तिथल्याच माणसांना शिकवून ते जोडून घेतले. दक्षिण राजस्थानातल्या डुंगरपूर जिल्ह्यात बचत गटांतल्या आदिवासी बायकांनी यातून पुढे जाऊन स्वतःची सौर कंपनी उभी केली. पवईतल्या आयआयटीची प्रयोगशाळा आणि डुंगरपूरची वस्ती यांच्यामध्ये एक एलईडी, एक बॅटरी आणि एक सोल्डरिंगची कांडी एवढाच पूल पुरेसा झाला.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करताना जे शिकतो ते टिकते, हा त्यांचा विश्वास. शाळेत नापास झालेली मुले तिथे वीजजोडणी, वेल्डिंग, शेती शिकली आणि आपल्या गावात कामाला लागली. अमेरिकेतल्या एमआयटीने फॅब लॅबची, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवायच्या कार्यशाळेची, कल्पना बाहेर नेली तेव्हा सुरुवातीच्या जागांत पाबळ होते. देशभरातल्या शाळांत २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब उघडल्या गेल्या. त्यांतही अशा कामाची सोय आहे. जिथे लॅब आहे तिथे कपाटाची किल्ली मुलांच्या हाती पोचावी, एवढी शिक्षकांना विनंती आहे.

सामान मिळवणे अवघड नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची तपकीर गल्ली, जयपुरात एम. आय. रोडवरचे जयंती मार्केट. ‘फोर सेव्हंटी ओहम, पाव वॅट’ एवढे म्हटले की दुकानदार मोजून देतो. एक रेझिस्टर रुपयाच्या आसपास पडतो, एलईडी दोन-पाच रुपयांना. एकदम दहा-दहा घ्यावेत, म्हणजे एखादा जळाला तर मूल हिरमुसत नाही आणि पालक रागावत नाहीत. मुलाला बरोबर न्यावे आणि मागणी त्यालाच करू द्यावी. मल्टिमीटर ही यातली एकमेव महाग वस्तू. पण साधा डिजिटल मीटर एका चांगल्या खेळण्याच्या किमतीत मिळतो आणि वर्षानुवर्षे पुरतो. शाळेत असल्यास मागून घ्यावा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. या पुस्तिकेतले सगळे प्रयोग नऊ व्होल्ट किंवा त्याहून कमी बॅटरीवरचे आहेत. घरातल्या प्लगचे २३० व्होल्ट या अभ्यासासाठी कधीही वापरायचे नाहीत. दिवाळीची बंद पडलेली माळ उघडून पाहायचा मोह होईल. ती प्लगमधून काढूनच उघडावी, आणि मोठ्या माणसासमोर. बॅटरीची दोन टोके एकमेकांना थेट जोडू नयेत, आणि ती किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात ठेवू नये. चपटे सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. ते गिळले गेले तर जिवावर बेतते.

पुस्तिका वाचायची रीतही सांगून ठेवतो. प्रत्येक प्रयोगाआधी एक रिकामा चौकोन आहे. त्यात अपेक्षित आकडा लिहिल्याशिवाय जोडणी सुरू करायची नाही. प्रयोग झाला की शेजारच्या चौकोनात मोजलेला आकडा लिहायचा. दोन्हींत पाच-सात टक्क्यांचा फरक असेल तर तो रेझिस्टरच्या सोनेरी पट्ट्याचा आणि एलईडीच्या खऱ्या व्होल्टेजचा हिशेब आहे, निश्चिंत असा. फरक दुप्पट-तिप्पट असेल तर खोडरबर हातात घेऊ नका. आकडा तसाच राहू द्या आणि कारण शोधा. पट्टे उलट्या बाजूने वाचले असतील, मिलिअँपिअरची शून्ये चुकली असतील, किंवा लाल समजून नारिंगी पट्ट्याचा रेझिस्टर लागला असेल.

पालकांनो, मुलाचा दिवा पहिल्या फटक्यात लागला नाही तर तुम्ही पुढे होऊन लावून देऊ नका. बाजूला बसा आणि विचारा, ‘किती येईल असे वाटले होते?’ शिक्षकांनो, वर्गात चाळीस मुलांना एक सर्किट दाखवण्यापेक्षा चार-चार मुलांमागे एक ब्रेडबोर्ड द्या. खर्च फार येत नाही. आणि मुलांनो, मोठ्यांना विचारायला लाजू नका. त्यांनाही उत्तर येत नसेल तर त्यांना आपल्यासोबत बसवा. पान उलटा, बॅटरीचे व्होल्ट लिहा, त्यातून एलईडीचे वजा करा, हव्या त्या करंटने भागा, आणि आलेल्या आकड्याचा रेझिस्टर डबीतून काढा.

शास्त्रीनगर, जयपूर